तिघांची वर्दी

पिकलेली झावळी माडावरून सुटते तेव्हा आधी वर, दिसणार नाही अशा उंचीवर, एक दीर्घ कोरडी सळसळ होते; कांजी केलेलं सुती लुगडं नेसून कुणी सावकाश जिना उतरत असावं तशी. मग क्षणभर काहीच ऐकू येत नाही. त्या क्षणात खालचं माणूस मान वर करतं, पाखरं गप्प होतात, आणि मग वाळूमिश्रित मातीवर एक जड, बोथट आवाज येतो. पडलेल्या झावळीकडे कुणी बघत नाही; सगळे बघतात ती सुटली त्या जागेकडे, जिथे आभाळाचा एक नवा तुकडा उघडा पडलेला असतो. मुरुडच्या अलीकडे, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या एका नारळ-पोफळीच्या वाडीत मी हा आवाज ऐकला, आणि तो अजून माझ्या कानांतून गेलेला नाही.

तुम्ही म्हणाल, समुद्रकाठी सुट्टीला गेलेल्या बाईनं लाटा सांगाव्यात, सूर्यास्त सांगावा, ताज्या मासळीचं वर्णन करून ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी आणावं. झावळी कसली सांगतेस! खरं आहे. पण सुट्टी म्हणजे तरी काय हो? चार दिवस परक्या छपराखाली निजायचं, परक्या हातचं जेवायचं, आणि तरीही आपण आपल्याच घरी आहोत असं मनाला पटवायचं. ते पटतं की नाही हे समुद्र ठरवत नाही. ते उशी ठरवते, विहिरीचं पाणी ठरवतं, मागच्या दारी चूल पेटवणारी बाई ठरवते. ही विद्या मला माझ्या नणंदेनं शिकवली.

आम्ही तळा गावची माणसं. चहूकडून डोंगर, मधे भातखाचरं, आणि डोंगरापलीकडे कुठेतरी समुद्र. तो तसा जवळच. पण जवळ राहणारा आपला असतोच असं नाही, त्याच्याकडे पाहुणा म्हणूनच जावं लागतं. कापणी आटोपली, दारातली दिवाळीची रांगोळी पुसट झाली की आम्ही तिघं एसटीनं निघायचो: मी, हे, आणि यांच्या थोरल्या बहीण, माझ्या वन्सं. वन्संनी लग्न केलं नाही. जन्मभर शाळेत पोरांना बाराखडी शिकवली आणि घरी आम्हा दोघांना बाकीचं सगळं. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा त्यांना भ्यायचे, पुढे त्यांच्याशी भांडायला लागले, आणि त्यांच्यावाचून माझं पान हलेनासं कधी झालं ते मला कळलंच नाही.

आधी खोली ठरवून जाणं वन्संना मंजूर नव्हतं. न बघितलेल्या घराला होकार देणं म्हणजे न बघितलेल्या नवऱ्याला होकार देणं, असं त्या म्हणायच्या, आणि दोन्ही बाबतींत त्यांनी आपला शब्द पाळला. मुरुडच्या स्टँडवर आम्हाला पिशव्यांवर बसवून, पदर खोचून त्या एकट्या निघायच्या. पाटी, रंग, झोपाळा, दारातली कर्दळ यांच्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. थेट मागच्या दारी जायच्या. घासलेली भांडी उन्हात पालथी घातली आहेत का? विहिरीचं पाणी हलतं आहे की झोपलं आहे? आणि मांजर? मांजर रोड असेल तर त्या घरात मासळी जपून येते, आणि माणसाला बघून पळालं तर त्या घरात कुणीतरी हात उगारणारं आहे. शेवटी स्वयंपाक करणाऱ्या बाईला एकच प्रश्न: आज जेवायला काय? तिनं घडाघडा पदार्थ म्हणून दाखवले की वन्सं नमस्कार करून बाहेर. 'होडीतून काय येतं ते बघून सांगते' असं ती म्हणाली की जागा पक्की. मग रस्त्याच्या टोकावरूनच त्या आम्हाला हात करायच्या, आणि पिशव्या उचलताना हे दर वर्षी तेच वाक्य म्हणायचे, 'ताईनं जागा पसंत केली. चला.'

यंदा श्रावणात वन्सं गेल्या. दुपारच्या जेवणानंतर आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. दुखणं नाही, कण्हणं नाही, निरोप नाही; डोक्याखालची उशीसुद्धा हलली नव्हती. मला रडू आलं आणि मी रडले. अजूनही ताटं मांडताना तिसरं हाताला लागतं आणि मी ते घेऊन जागच्या जागी उभी राहते. पण हे रडले नाहीत. क्रियाकर्म यथासांग केलं, भेटायला येणाऱ्यांशी नीट बोलले, आणि 'ताई गेली' हे दोन शब्द मात्र यांनी एकदाही उच्चारले नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणत, 'ताई घरात नाहीये.' आणि यांचं जेवण तुटलं. बसत रोज, पण चार घास झाले की हात ताटावर थबकायचा आणि नजर उजवीकडे, वन्संच्या रिकाम्या पाटाच्या जागी जाऊन राहायची. सदरे अंगावर लोंबू लागले. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. सगळं ठीक! समोर बसून मी रोज एक माणूस थोडं थोडं कमी होताना बघत होते. हे आपल्या ताईच्या मागोमाग निघाले आहेत, फक्त चालत, सावकाश, अशी मला भीती वाटत होती, आणि ती भीती मी कुणापाशी बोलत नव्हते.

नवी मुंबईचा चुलत भाचा म्हणाला, मामा-मामींनी जरा लांब जाऊन यावं. त्यानं मोबाइलवर कुठल्याशा बेटाची चित्रं दाखवली: निळ्याशार पाण्यावर खांबांवर उभ्या झोपड्या, आणि परडीतून तरंगत येणारी न्याहारी. मी मनात म्हटलं, वन्संनी या झोपडीचं मागचं दार शोधलं असतं तर समुद्रातच पडल्या असत्या. यांनी चित्रं शांतपणे पाहिली आणि म्हणाले, 'आपण आपल्याच बाजूला जाऊ.' शेजाऱ्यांकडून मुरुडकडच्या एका घराचा नंबर यांनी स्वतःच मिळवला, स्वतःच फोन लावला. मी स्वयंपाकघरात वाल सोलत होते. बाहेरून आवाज आला, 'हो, जेवणासकट. तिघं. दोन बायका आणि मी.'

माझ्या हातातला वाल हातातच राहिला. वाटलं, जिभेची सवय आहे. इतक्या वर्षांची सवय एका पावसाळ्यात कशी जाईल? पुढे चुकून निघालेला आकडा हे स्वतःच दुरुस्त करतील. शिवाय कितीतरी दिवसांनी यांनी आपल्या तोंडानं जेवणाची गोष्ट काढली होती.

रोह्याहून मुरुडच्या गाडीनं आम्ही दुपार कलताना उतरलो. वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे आडवे बांबू सरकवून उघडायच्या त्या फाटकापाशी, घराची मालकीण उभी होती. द्वारकाबाई. ठेंगणी, दणकट, कपाळावर ठसठशीत गोंदण, आणि मोबाइल पानाच्या चंचीत ठेवलेला. म्हसळ्याला दिलेल्या लेकीशी ती त्यावर इतक्या मोठ्यानं बोलायची की फोन नसता तरी म्हसळ्यात ऐकू गेलं असतं. तिनं विचारलं, 'तळ्याची मंडळी ना? तिघं?' हे म्हणाले, 'हो.' मी आत आले, हे आत आले, आणि बांबू परत सरकवण्याआधी द्वारकाबाई थांबली. फार नाही, एखादं माणूस चप्पल सावरून आत येईल इतकीच. मग तिनं बेडं लावलं. मी मागे वळून पाहिलं, तर तांबड्या पायवाटेवर ऊन पसरलं होतं आणि कुणी नव्हतं.

माडीवरच्या खोलीत तीन गाद्या घातल्या होत्या. तिन्हींवर ताठ, धुवट चादरी. तिन्हींच्या उशाशी पाण्याचा तांब्या-भांडं. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी आपली पिशवी एका कडेच्या गादीवर ठेवली, माझी दुसऱ्या कडेच्या, आणि मधली गादी तशीच सोडून खिडकीशी जाऊन उभे राहिले. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी वाट बघत राहिले. खिडकीबाहेर माडांची ती अथांग, हिरवी, हलती सावली. आणि त्या सावलीच्या पोटातून पहिली झावळी सुटल्याचा आवाज आला.

दिवेलागणीला मी मागच्या पडवीत उभी होते. द्वारकाबाई एका हातात पणती आणि दुसऱ्या हातात पानावर भात घेऊन वाडीच्या टोकाला निघाली. तिथे जुनाट उंडीच्या झाडाखाली शेंदूर फासलेला एक धोंडा आहे. तो वाडीचा राखणदार. कोकणात वाडी तिथे राखणदार असतोच, त्यात नवल नाही. पण ती त्याच्याशी बोलू लागली तेव्हा तिचा फोनवरचा आवाज कुठल्या कुठे गेला. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला सांगावं तसं, हळू आणि स्पष्ट ती म्हणाली, 'राखनदारा, घरात तिघं पाव्हनी आल्यात. दोन बायका न् एक बाप्या मानूस. आपलीच मानसं हायत. त्यांना भिववू नको, त्यांची वाट अडवू नको. आल्यात तशी सुखरूप जाऊ दे.' पणतीची ज्योत सरळ उभी होती. वारा मुळीच नव्हता, आणि तरीही उंडीच्या पलीकडच्या पोफळी एकापाठोपाठ एक हलल्या, कुणी त्यांच्यामधून वाट काढत पुढे यावं तशा.

जेवायला तीन पानं वाढली होती. मांदेलीचं कालवण, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी. मधल्या पानाशीही सगळं रीतसर. मीठसुद्धा जागच्या जागी. मी घास घेणार तोच घरातलं मांजर आलं. गुबगुबीत, पिवळं, निर्भय. मासळीच्या वासाला आलेलं मांजर काय करतं? ज्याच्या ताटात मासा त्याच्या गुडघ्याशी घोटाळतं, किंवा नजर चुकवून तोंड घालतं. हे मांजर माझ्याकडे आलं नाही, यांच्याकडे गेलं नाही, त्या बिनमाणसाच्या पानाला तोंडही लावलं नाही. ते मधल्या पानासमोर शेपूट गुंडाळून बसलं आणि मान वर करून बघत राहिलं. पानाकडे नव्हे, पानाच्या वर, जेवणाऱ्या माणसाचा चेहरा जिथे असतो तिथे. वन्सं मांदेलीची डोकी काढून मांजरांना घालायच्या. मांजर वाट बघत होतं.

आणि हे जेवले. नीट सांगते म्हणजे तुम्हाला माझी अवस्था कळेल: भाकरी संपवली, दुसरी मागून घेतली, कालवण भुरकलं, बोटं चाटली. श्रावणापासून ज्या घासासाठी मी देव पाण्यात ठेवले होते तो घास यांच्या घशाखाली उतरत होता, आणि तो उतरत होता त्या तिसऱ्या पानाकडे बघत. मला आनंद व्हावा की दरदरून घाम फुटावा? दोन्ही झालं. मी मान खाली घालून जेवले आणि चव काही लागली नाही.

सकाळी हे समुद्रावर गेले तेव्हा मी द्वारकाबाईला गाठलं. ती विळीवर नारळ खवत होती. मी म्हटलं, 'बाई, फोनवर चूक झाली. आम्ही दोघंच आहोत. तिसऱ्या माझ्या नणंद. त्या श्रावणात वारल्या.' तिचा हात थांबला. रागावली असावी असं वाटलं, पण आवाज काळजीचा होता. 'आगं बाय, हे आधी सांगायचं व्हतं. आता वर्दी गेली.' म्हटलं, मग आज संध्याकाळी सांगून टाका, दोघंच आहेत म्हणून. ती म्हणाली, 'दिलेली वर्दी मागं घेता येत न्हाय. राखनदाराला काय पोरखेळ हाय? पाव्हनी निघाली की परत जाऊन सांगायचं, किती आली व्हती, किती चालली. माझ्या सासूनं, तिच्या सासूनं, आमच्या समद्यांनी असंच केलंय.' मी विचारलं, 'आणि आकडा जुळला नाही तर?'

तिनं खवलेलं खोबरं एका बाजूला सारलं. 'तर जे ऱ्हातं ते ऱ्हातं. वाडी कुनाला उपाशी ठेवत न्हाय. पर परत बी धाडत न्हाय.' मग म्हणाली, 'तिघं चालली म्हनून सांगितलं, तर ती तुमच्यासंगं घरी येनार. दोघं म्हनून सांगितलं, तर ती हितं ऱ्हानार. आनि मी न्हाय ठरवायचं, तू बी न्हाय. ज्यानं आकडा दिला त्यानंच सांगायचा.' मी चिडून म्हटलं, 'त्या आहेत असं तुम्हाला वाटतं तरी का?' द्वारकाबाईनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. 'तिघं सांगितली तर तिघांचं करायचं. दिसतंय का न्हाय, ते मी बघत बसत न्हाय.' आणि ती पुन्हा खवायला लागली.

मी उगीच तिथे उभी राहिले. मग विचारलं, आज जेवायला काय? विळीवरून मान न उचलता ती म्हणाली, 'होडीतनं काय येतं ते बघून सांगते.' माझी नजर आपोआप फिरली. घासलेली भांडी उन्हात पालथी होती. विहिरीच्या पाण्यावर एक बारीक थरथर चालू होती. आणि मी, वन्संच्या हाताखाली तयार झालेली मी, आल्या दिवसापासून पुढच्या दारानं नव्हे, मागच्याच दारानं ये-जा करत होते.

माणूस गेल्यावर कुठे जातं, याची उत्तरं पोथ्यांमध्ये पुष्कळ आहेत. यमलोक, पितृलोक, मुक्ती, पुनर्जन्म. पण गेलेल्या माणसानं आज दुपारी जेवायचं काय आणि निजायचं कुठे, या साध्या घरगुती प्रश्नाचं उत्तर कोण देतं? यांचं दुःख त्या साध्या प्रश्नाशीच अडलं होतं, असं मला आता वाटतं. यांना ताईच्या आत्म्याची चिंता नव्हती. ताईची जागा कुठे, एवढीच होती. घरातला पाट आम्ही उचलला होता, आणि दुसरीकडे कुठे मांडला नव्हता.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. संध्याकाळी समुद्राच्या पुळणीवर फिरायला जायचो तर आम्हा दोघांमध्ये एका माणसाचं अंतर राहायचं. वन्सं नेहमी मधून चालायच्या, दोघांनाही टोमणे मारता यावेत म्हणून. मी एकदा मुद्दाम जवळ सरकले. हे तितकेच पलीकडे झाले. लांब समुद्रात जंजिऱ्याची काळी रेघ आणि समोर उतरत चाललेला सूर्य, आणि आम्ही त्या रिकाम्या अंतराला दोन बाजूंनी सांभाळत चालत होतो. दुपारी वामकुक्षीला मांजर माडीवर यायचं. मधल्या गादीवर, पण अगदी पायथ्याशी, काठावर अंग आकसून निजायचं. सबंध गादी मोकळी असताना मांजर कधी काठावर निजतं का? कुणाचे तरी पाय चुकवून निजावं तसं ते निजायचं.

आणि हे भरत चालले होते. गालांवर रंग आला, चाल सुधारली. पहिल्या दिवशी म्हणाले होते, 'ताईला इथं आवडलं असतं.' एका दुपारी सुपारी कातरत सहज म्हणाले, 'ताईला इथं आवडलंय. अजून राहू या.' त्याच वेळी बाहेर, यांनी नुकत्याच सोडलेल्या खुर्चीच्या शेजारी झावळी पडली, आणि हे दचकले नाहीत. वर बघून नुसते हसले. मला तेव्हा लख्ख दिसलं की आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर हे इथेच राहतील, आज ना उद्या, पूर्णपणे. नाहीतर तिघं म्हणून घरी परततील, आणि आमच्या स्वयंपाकघरातली ती रिकामी जागा जन्मभर यांच्या हातातला घास अडवत राहील. त्या संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं: वर्दी, राखणदार, आकडा, आणि तो कुणी सांगायचा ते. यांनी ऐकून घेतलं. विचारलं फक्त एवढंच, 'जे राहतं त्याला जेवायला घालतात ना ते?' मी म्हटलं, 'उपाशी ठेवत नाहीत म्हणे.'

निघायची सकाळ स्वच्छ होती. मी मुद्दाम आधी पिशव्या खाली आणल्या; यांचे पाय जिन्यावर रेंगाळत होते. बेड्यापाशी द्वारकाबाई उभी होती, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि विचारलं, 'भाऊ, काय सांगू?'

मी यांच्याकडे बघायचं टाळलं. मला काय हवं होतं? खरं सांगते, मला 'दोघं' ऐकायचं होतं. आणि ते ऐकवणारही नव्हतं. ज्या बाईनं मला भात शिजला की नाही हे शितावरून ओळखायला शिकवलं, आजारपणात माझे केस विंचरले, तिला एका परक्या वाडीत ठेवून मी एसटीत बसणार? पण तिला परत नेऊन, त्या उचललेल्या पाटाच्या जागी उभी करून तरी मी तिला काय देणार होते? वाडीत एकही पान हलत नव्हतं. पायरीवर मांजर बसलं होतं, आमच्याकडे पाठ करून, माडीकडे बघत.

'दोघं,' हे म्हणाले. खाकरून पुन्हा म्हणाले, 'तिघं आलो होतो. दोघं निघालो. ताई राहतेय.' द्वारकाबाईनं मान हलवली आणि ती वळणार तोच यांनी तिला थांबवलं. 'अहो, ऐका. तिला खोबरं फार चालत नाही, कालवणात हात आखडता ठेवा. मांदेली आली तर आठवणीनं ठेवा तिच्यासाठी. भाकरी करपलेली तिला चालत नाही. आणि दुपारी निजली की उठवू नका.' एवढं बोलले आणि बेड्याचा बांबू धरून हे रडले. श्रावणापासून अडलेलं ते रडणं, मोठ्यानं, लहान भावाचं. मी यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले. द्वारकाबाई म्हणाली, 'व्हय भाऊ. समदं ध्यानात ऱ्हाईल.' आणि ती तांब्या घेऊन उंडीच्या झाडाकडे चालू लागली. तिनं तिथे काय सांगितलं ते आम्ही ऐकलं नाही. आम्ही बाहेर पडलो आणि बेडं यांनी स्वतःच्या हातानं लावलं, मागे कुणासाठीही न थांबता. स्टँडपर्यंतच्या वाटेवर हे माझ्या अगदी खांद्याला खांदा लावून चालले. पिशवी उचलून एसटीत चढताना मला एक गोष्ट उमगली आणि मी दांड्याला धरून उभी राहिले. घर यांनी शोधलं, फोन यांनी केला, असं मी समजत होते. पण मागचं दार, पालथी भांडी, गुबगुबीत मांजर, होडीची वाट बघणारी स्वयंपाकीण! दर वर्षीप्रमाणे यंदाही जागा वन्संनीच पसंत केली होती, फक्त या वेळी आम्हाला स्टँडवर बसवून त्या परत हात करायला येणार नव्हत्या.

आता घरी मी दोनच ताटं मांडते आणि हे जेवतात. पूर्वीइतके नाही, पण ताट रिकामं होतं. फक्त कधीकधी, दिवेलागणीला, आम्ही जेवायला बसलो की छपरावर, दिसणार नाही अशा उंचीवर, ती दीर्घ कोरडी सळसळ होते. मग क्षणभर काहीच नाही. मग अंगणात काहीतरी जड पडतं. मी पहिल्यांदा कंदील घेऊन बाहेर जाऊन आले. अंगणात काही नव्हतं. आमच्या घरापाशी, आमच्या आळीत, नारळाचं एकही झाड नाही. हल्ली मी उठत नाही. हे घास हातात धरून ऐकतात, आवाज होईपर्यंत थांबतात, आणि मग म्हणतात, 'जेवली वाटतं.' आणि तो घास तोंडात घालतात.